दगड लागला की मागं सरणारं सुकाणू

ट्रॅक्टरचा स्प्रिंगवाला मोगडा पाहिलाय ना, रानात दगड लागला की फण मागं सरतो आणि दगड गेला की परत जागेवर येतो. छोट्या शिडाच्या बोटीला वळवणाऱ्या किक-अप सुकाणूचंही जवळजवळ तसंच आहे, पाण्यातलं पातं एका बोल्टवर फिरतं, खाली काही आदळलं की मागं वर उचललं जातं. फिक्स सुकाणू म्हणजे एकसंध फळी, धडक बसली की सगळा जोर बोटीच्या मागच्या बिजागऱ्यांवर येतो आणि त्या स्क्रूसकट उपटून निघू शकतात.

आता आपलं पाणी बघा. जायकवाडीचा नाथसागर जवळपास ३५० चौरस किलोमीटर पसरलाय पण उथळ आहे, उन्हाळ्यात पाणी हटलं की काठाकडं पुरुषभर पाण्याचं गुडघाभर होतं, खाली गाळ, दगड, बुडालेल्या शेतांचे बांध. अशा पाण्यात मी तरी किक-अपच घेईन. फिक्स मजबूत असतं, त्यात खुळखुळ नसते, मुलांची ऑप्टिमिस्ट बोट त्यावरच चालते, पण काठावरून निघताना ते बसवायलाच पुरेसं खोल पाणी लागतं.

पण किक-अपचा खरा जीव पातं खाली ओढून धरणाऱ्या दोरीत आहे. माझी ती एकदा ढिली राहिली, वारा वाढला, सुकाणू फिरवायचा हातातला दांडा इतका जड झाला की मला वाटलं शीडच जास्त ताणलंय, ते सैल करत बसलो आणि मागं वळून बघतो तर पातं अर्धं वर तरंगतंय! कारण सोपं आहे, पात्यावर २० किलोचा दाब बिजागरीपासून १० सेंटीमीटरवर असेल तर १ मीटरच्या दांड्यावर हाताला २ किलो लागतात, पातं मागं सरून तोच दाब ४० सेंटीमीटरवर गेला की ८ किलो. त्यात वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

म्हणून दोरी न ताणणारी पॉलिएस्टरची घ्या, नायलॉन ताणलं जातं. लाकडी पातं तर आपणहून वर तरंगतं, त्याला दोरीशिवाय गत्यंतर नाही. दोरी अडकवायची पकड अशी हवी की धडकेला आपोआप सुटेल, गाठ मारून टाकली तर ते फिक्सच झालं की. आणि निघण्याआधी काठावरच पातं हातानं मागं ओढून बघा, सहज हललं तर दोरी ढिली, जोर लावूनही हललं नाही तर पकड जास्त घट्ट आहे.