आजार

आजार (पुल्लिंगी नाम) : शरीराची किंवा मनाची बिघडलेली अवस्था, दुखणे, व्याधी. विशेषण : आजारी. भाववाचक नाम : आजारपण.

हा शब्द फारसी ‘आज़ार’वरून आला. फारसीत त्याचा अर्थ त्रास, छळ, इजा असा आहे आणि ‘आज़ुर्दन’ म्हणजे दुखावणे, पीडा देणे. इराणमध्ये आजही ‘आज़ार’ म्हटले की कुणी कुणाला दिलेला त्रासच डोळ्यांपुढे येतो. दुखण्याला तिथे ‘बीमारी’ म्हणतात. मराठीत आल्यावर त्रास देणारा माणूस गळून पडला आणि सोसणाऱ्याच्या देहातली पीडा तेवढी उरली.

बहमनी सत्तेपासून (१३४७) पुढे काही शतके दख्खनच्या दरबारी कारभारात फारसीचे प्राबल्य होते. त्या काळात फारसी-अरबी शब्द मराठीत रुळले आणि थेट माजघरापर्यंत पोहोचले. जखम, इलाज, मलम, तब्येत, दवाखाना हे सगळे त्याच वाटेचे. उच्चारातही मूळची खूण राहिली आहे : ‘आजार’मधला ज आपण ‘बाजार’मधल्यासारखा, दातांजवळून उच्चारतो, ‘जीवन’मधल्यासारखा नाही.

हाच शब्द काळा आजार (काला-आजार) या तापाच्या नावातही आहे. रुग्णाची त्वचा काळवंडते म्हणून हे नाव पडले. वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या या रोगाच्या परजीवीचा शोध लीशमन आणि डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या दोघांच्या नावांवरूनच परजीवीला ‘लीशमॅनिया डोनोव्हनी’ म्हणतात.

‘रोग’ हा संस्कृत शब्द ‘रुज्’ म्हणजे मोडणे, पीडा देणे या धातूपासून झाला. ‘रुग्ण’ही त्याच धातूचा, शब्दशः मोडलेला. कोशात आजार आणि रोग शेजारी बसतात, पण बोलण्यात त्यांची कामे वेगळी आहेत. पिकावर रोग पडतो, आजार पडत नाही. घरच्या माणसाला आपण आजारी म्हणतो. ‘रोगी’ म्हटले तर त्याला लागेल. निधनाच्या बातमीतही ‘अल्पशा आजाराने’ असेच छापतात. ज्या शब्दाच्या पोटात मुळात छळ होता, तोच मराठीत सौम्य ठरला, हे मला या शब्दाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. अलीकडे तो माणसापलीकडेही गेला आहे : तोट्यात बुडालेला साखर कारखाना ‘आजारी’ असतो.

‘आजारपण’ हा शब्द मात्र घडला तो मराठीतच. फारसी नामाला ‘-पण’ हा प्रत्यय लागला, बालपण, म्हातारपण यांच्यासारखा, आणि दुखण्याला आयुष्यातल्या एका काळाचे रूप आले. आजार होतो, जडतो, बळावतो. आजारपण येते आणि काढावे लागते. ‘आजार अंगावर काढला’ म्हणजे औषधपाणी न करता, कामे न थांबवता सोसला. ‘तिने सासूचे आजारपण काढले’ यात दुखणे सासूचे आणि काढणारी सून : औषधाच्या वेळा सांभाळणे, रात्री उशाशी बसणे, कूस बदलून देणे, चादरी धुणे. ‘काढणे’ हे क्रियापद दोन्हीकडे तेच, पण पहिल्या वाक्यात माणूस एकटा आहे. दुसऱ्यात त्याच्या उशाशी कुणीतरी बसलेले आहे.