कोपरेच जास्त का जळतात?

गणपतीच्या मखरासाठी एमडीएफमधून (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीतून) लेझरने कापलेली जाळी जवळून बघा. सरळ कडा तपकिरी आणि स्वच्छ असतात. रेषा जिथे वळते तिथे मात्र अनेकदा काळा डाग दिसतो. पुष्कळ जण तो लाकडाचा दोष समजतात. पण लेझरची शक्ती यंत्राच्या वेगाशी जुळलेली नसली की असा डाग पडतो.

किती वॅटचा लेझर, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. लाकडाला मात्र वॅट कळत नाहीत, त्याला कळते ती दर मिलिमीटरला मिळालेली ऊर्जा. 5 वॅटचा लेझर सेकंदाला 5 ज्यूल देतो. लेझरचा माथा सेकंदाला 50 मिमी सरकत असेल, तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला 0.1 ज्यूल येतो. माथ्याला वजन आहे, त्यामुळे काटकोनात वळायचे तर वेग कमी करावाच लागतो. तो 10 मिमीवर आला आणि शक्ती तेवढीच राहिली, की त्याच मिलिमीटरला 0.5 ज्यूल मिळतो, म्हणजे पाचपट. डाग पडणारच.

छोट्या यंत्रांमध्ये हा हिशेब बहुतेक वेळा जीआरबीएल नावाचे मुक्त फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या बोर्डातच बसवलेला प्रोग्राम, करते. अर्डुइनो उनोसारख्या स्वस्त नियंत्रक बोर्डावर चालणारा हा प्रोग्राम मुळात लाकूड-धातू कोरणाऱ्या मिलिंग यंत्रांसाठी लिहिला गेला. यंत्राला हालचालीच्या आज्ञा ज्या भाषेत देतात त्या जी-कोडमधला ‘एस’ हा आकडा तिथे स्पिंडलचे, म्हणजे कोरणारे पाते फिरवणाऱ्या दांड्याचे, फेरे सांगतो. मोटरला नवा वेग पकडायला अवधी लागतो, म्हणून ‘एस’ बदलला की फर्मवेअर आधी सगळी हालचाल थांबवायचे. मिलिंगसाठी ही काळजी योग्यच होती, पण लेझर क्षणार्धात बदलतो आणि त्या थांब्यात तो एकाच जागी जाळत बसतो. आवृत्ती 1.1 मध्ये यासाठी स्वतंत्र लेझर मोड आला. 32 क्रमांकाच्या सेटिंगमध्ये 1 लिहिले की ‘एस’ चालता चालता बदलतो. ‘एम3’ ही आज्ञा शक्ती स्थिर ठेवते. ‘एम4’ दिली तर प्रत्यक्ष वेग जेवढा घसरेल त्या प्रमाणात शक्तीही घसरते, आणि माथा थांबला की लेझर बंद होतो. मिलिंगमध्ये ‘एम4’ स्पिंडल उलटा फिरवते. लेझरला उलटी दिशाच नसल्यामुळे ती आज्ञा या कामी लावता आली, ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

शक्ती कमी करायची म्हणजे बोर्ड लेझरचा प्रकाश मंद करत नाही. तो लेझर अतिशय वेगाने चालू-बंद करतो. एका फेरीतला निम्मा वेळ चालू, तर सरासरी शक्ती निम्मी. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. उनोवर जीआरबीएल सेकंदाला साधारण 1000 वेळा अशी उघडझाप करते. माथा सेकंदाला 100 मिमी धावत असेल तर प्रत्येक उघडझाप 0.1 मिमीवर पडते, आणि डायोड लेझरचा (छोट्या अर्धवाहक चिपमधून निघणाऱ्या लेझरचा) ठिपकाही साधारण तेवढाच असतो. म्हणूनच फिकट आणि वेगवान कोरीव रेषा कधी कधी ठिपक्याठिपक्यांची दिसते.

तरीही निव्वळ भागाकार पुरत नाही. 10 वॅट 100 मिमी वेगाने आणि 1 वॅट 10 मिमी वेगाने, दोन्हींत दर मिलिमीटरला 0.1 ज्यूलच मिळतो, पण खूण सारखी उमटत नाही. सावकाश चाललेल्या लेझरची उष्णता बाजूच्या लाकडात पसरायला वेळ मिळतो आणि पृष्ठभाग कोळसा होण्याइतका तापत नाही. शिवाय लेझर डायोडला किमान विद्युतप्रवाह लागतोच. त्याखाली नुसता क्षीण उजेड पडतो. दुसऱ्या प्रकारच्या लेझरमध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेली काचेची नळी असते, तिचेही तसेच आहे, आणि नेमून दिलेल्या प्रवाहाच्या वर ती सतत चालवली तर तिचे आयुष्य घटते.

हा कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला कुमार पटेल यांनी, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये, 1964 साली. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यातले, हे आपल्याकडे कापणीच्या कामात असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. त्यांच्या लेझरचा प्रकाश 10.6 मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. पारदर्शक ॲक्रिलिक तो शोषून घेते आणि सुबक कापले जाते. निळ्या डायोडचा सुमारे 450 नॅनोमीटरचा प्रकाश मात्र त्याच ॲक्रिलिकमधून आरपार निघून जातो. तिथे ‘एस’ कितीही वाढवा, खालचा टेबल जळेल पण ॲक्रिलिक कापले जाणार नाही.

लाकडासाठी खात्रीचा मार्ग चाचणीचाच. आडव्या ओळींत वेग आणि उभ्या रांगांत शक्ती बदलत छोटे चौकोन कोरायचे आणि हवी ती छटा निवडायची. मात्र हा तक्ता ज्या शीटवर काम करायचे त्याच्याच तुकड्यावर काढा. प्लायवुडच्या थरांमधला डिंक शीटगणिक वेगळा असतो, आणि कालच्या शीटवर आरपार गेलेली शक्ती आज डिंकातच अडकू शकते.