गर्दवरची गोळी आली कुठून?

गर्दच्या व्यसनावर रोज ब्युप्रेनॉर्फिनची एक गोळी द्यायची आणि तीही अफूच्याच कुळातली, असं डॉक्टर सांगतात तेव्हा घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे एक सोडवून दुसरं लावणार का?’ या संशयाला अडाणीपणा म्हणून उडवून लावता येत नाही. तो डॉक्टरमंडळींनीच कमावलेला आहे.

१८८४ साली तरुण सिग्मंड फ्रॉइडने मॉर्फिनच्या (अफूतून काढलेल्या वेदनाशामकाच्या) व्यसनावर उतारा म्हणून कोकेनची शिफारस केली. त्याचा मित्र अर्न्स्ट फॉन फ्लायश्ल-मार्क्सो याने ते घेतलं आणि तो कोकेनच्याही आहारी गेला. पुढे १८९८ मध्ये बायर कंपनीने खोकल्यावरचं औषध म्हणून ‘हेरॉइन’ बाजारात आणलं. हे मॉर्फिनइतकी सवय लावत नाही, असा तेव्हा समज होता. आपल्याकडे ‘गर्द’ किंवा ब्राऊन शुगर म्हणतात ते याच हेरॉइनचं भेसळीचं रूप.

अशा ठेचा खाल्ल्यावर कायदा कडक झाला नसता तरच नवल. अमेरिकेत १९१४ साली अफू-कोकेनच्या व्यवहारावर नियंत्रण आणणारा हॅरिसन कायदा आला. १९१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, व्यसनी माणसाला त्रास होऊ नये एवढ्यासाठी मॉर्फिन लिहून देणं हा वैद्यकीय उपचार नव्हे. त्यानंतर असं औषध देणारे डॉक्टर तुरुंगात जाऊ लागले. ब्रिटनमध्ये मात्र १९२६ च्या रोलस्टन समितीने अगदी उलट कौल दिला. आजार तोच, औषध तेच. पण एका देशात देणारा गुन्हेगार आणि दुसऱ्यात डॉक्टर. औषधाचं भवितव्य प्रयोगशाळेपेक्षा कायद्याच्या पुस्तकात ठरण्याची ही सुरुवात होती.

अमेरिकेने मग १९३५ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला अर्धं इस्पितळ, अर्धा तुरुंग अशी संस्था उभारली. शेती करायची, मोकळ्या हवेत राहायचं, नशा उतरवायची. बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेक पुन्हा वापरायला लागायचे. याच ठिकाणी दुसऱ्या महायुद्धानंतर मेथाडोन पोहोचलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी बनवलेली ही वेदनाशामक युद्धानंतर अमेरिकेच्या हाती लागली होती. लेक्सिंग्टनमध्ये ती वापरायचे, पण थोडेच दिवस: डोस कमी कमी करत बंद.

खरं वळण आलं १९६४ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. व्हिन्सेंट डोल हे चयापचयाचे अभ्यासक. मारी निस्वांडर या मानसोपचारतज्ज्ञ, लेक्सिंग्टनला काम करून आलेल्या. तिसऱ्या मेरी जीन क्रीक, तेव्हा अगदी नवख्या डॉक्टर. त्यांनी पहिल्या दोन रुग्णांना आधी मॉर्फिनवरच ठेवून पाहिलं. डोस वाढत गेला आणि दोघंही दिवसभर टीव्हीसमोर बसून पुढच्या इंजेक्शनची वाट पाहत राहिले. मग तपासण्या पूर्ण करण्यासाठी त्यांना मेथाडोनवर आणलं. काही दिवसांत एक जण चित्रं काढायला लागला आणि दुसरा शिक्षण पुरं करायचं म्हणून मागे लागला. दोघांचा दिवस नशेभोवती फिरायचा थांबला होता. १९६५ मध्ये २२ रुग्णांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अमली पदार्थ खात्याचा माणूस डोल यांना धमकावायला आला, तेव्हा त्यांनी त्याला सरळ सांगितलं: खटला भरा, एकदाचा निकाल तरी लागेल. खटला काही भरला गेला नाही.

गोम वेळेत आहे. गर्द झपाट्याने चढतं आणि काही तासांत उतरतं. उतरलं की ‘टर्की’ सुरू. नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, हाडं ठणकणं, झोप नाही. ते टाळायला पुन्हा माल, मालासाठी पुन्हा पैसा. तोंडाने घेतलेलं मेथाडोन हळू चढतं आणि दिवसभर टिकतं. शरीराला सवय राहते हे खरंच, पण चढ-उतार संपतात. ‘दुसरं लावलंत’ या आक्षेपाला माझ्या मते हेच प्रामाणिक उत्तर आहे.

पुढच्या गोळीचा जन्म इंग्लंडमधल्या हल शहरातला. १९६६ मध्ये रेकिट कंपनीच्या प्रयोगशाळेत ब्युप्रेनॉर्फिन तयार झालं. याचा असर एका मर्यादेपुढे वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका मेथाडोनपेक्षा कमी. मात्र अंगात गर्द असताना दिलं तर तेच टर्की आणतं, म्हणून टर्कीची लक्षणं दिसेपर्यंत थांबावं लागतं. फ्रान्सने १९९६ मध्ये हे औषध साध्या फॅमिली डॉक्टरांच्या हाती दिलं आणि काही वर्षांतच तिथले हेरॉइनच्या अतिमात्रेचे मृत्यू झपाट्याने घटले.

भारतात नोंदणीकृत अफूबाजांना सरकारकडूनच अफू मिळण्याची पद्धत जुनी. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या ७१ व्या कलमातही नोंदलेल्या व्यसनींना सरकारने अमली पदार्थ पुरवण्याची तरतूद आहे. या कायद्याच्या धाकाबद्दल बोलताना ती फारशी कुणाला आठवत नाही. त्याच दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरलं. १९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हणजे काय, हे पुष्कळशा लोकांना तिथूनच कळलं: नशा पूर्ण बंद, मग समुपदेशन, गट, घरच्यांची साथ. गोळीवर वर्षानुवर्षं ठेवायचं, हा विचार या वातावरणात परका वाटला तर नवल नाही.

तो विचार आपल्याकडे रुजला एड्समुळे. मणिपूर-नागालँडमध्ये नशा टोचून घेणाऱ्यांत एकाच सुईतून एचआयव्ही पसरत होता; गोळी मिळाली तर सुईची गरज उरत नाही. दिल्लीत १९९० च्या दशकातच ब्युप्रेनॉर्फिन देणं सुरू झालं होतं; २००७ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने ते आपल्या कार्यक्रमात घेतलं. केंद्रावर परिचारिका गोळी कुटून जिभेखाली ठेवते, विरघळेपर्यंत समोर बसवते आणि तोंड उघडायला लावून पाहते. हा पहारा उगाच नाही, कारण हेच औषध इंजेक्शनमधून नशेसाठी वापरलं जात होतं. अफूच्या कुळातल्या औषधांचा असर रोखणारं नॅलॉक्सोन मिसळलेली गोळी त्यासाठीच: कुणी विरघळवून टोचली, तर नशेऐवजी टर्कीच गाठते. पंजाबने २०१७ पासून याच मिश्र गोळीवर बाह्यरुग्ण केंद्रांचं जाळं विणलं.

रोज यायचं, समोर घ्यायची, या नियमामुळे कामधंदा असलेल्यांची मात्र पंचाईत होत होती. २०२० च्या टाळेबंदीत रोज येणंच अशक्य झालं, तेव्हा काही दिवसांच्या गोळ्या एकदम घरी न्यायची मुभा केंद्रांना द्यावी लागली.