पडद्यावरचा कोयता एकट्याचाच

बीडकडे ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल दोघांच्या मिळून कामावर ठरते. दसरा-दिवाळीनंतर जोडी कारखान्याच्या फडात जाते. बाई ऊस तोडू लागते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते आणि पालावर परतून चूलही पेटवते. टीव्हीवर मात्र शेतकरी म्हटलं की फेटेवाला पुरुष. बाई बांधावरून येते ती भाकरीचं गाठोडं घेऊन.

याला साचा म्हणतात. एका प्रसंगानं कुणाचं मत बदलत नाही. मत बदलतं ते वर्षानुवर्षांच्या बेरजेनं, हे माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाअखेरीपासून अमेरिकेत मांडलं. त्यामागचं कारण साधं आहे. एखादी गोष्ट किती सर्रास आहे, हे मन मोजून ठरवत नाही. तिची उदाहरणं किती चटकन आठवतात यावरून ठरवतं. रोज पाहिलेलं आधी आठवतं. माणसागणिक हा परिणाम थोडाच असतो, पण तो घरोघरी होतो.

कॅनडातल्या एका गावात १९७३ मध्ये टीव्ही उशिरा पोचला. संशोधकांनी त्या गावाला 'नोटेल' असं टोपणनाव दिलं. दोन वर्षांनी तिथल्या मुलांच्या बाई-पुरुषाच्या कामांविषयीच्या कल्पना आधीपेक्षा घट्ट झालेल्या आढळल्या.

पण पडदा बाईला फक्त मागेच ओढतो, असंही नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ मधली भारतातल्या पाच राज्यांची माहिती तपासली (महाराष्ट्र त्यात नव्हता). केबल आल्यावर त्या गावांत बायकोला मारणं योग्य मानण्याचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा ही ओढही कमी झाली. मालिकेतली शहरी बाई एकटी बाहेर जाते, पैसा हाताळते, हे तिथं नवं होतं. म्हणून बाई सोज्वळ दिसते की भांडखोर, यापेक्षा निर्णय कोण घेतं ते बघणं मला महत्त्वाचं वाटतं.

ते मोजता येतं. आठवडाभर रोज एकच तास निवडा, जाहिराती धरून. कागदावर पाच रकाने आखा: कोण, कुठं उभं, हातात काय, किती वाक्यं, निर्णय कुणाचा. दर पाच मिनिटांनी नोंद करा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं. दहापैकी आठपेक्षा कमी नोंदी जुळल्या तर रकान्याचा अर्थच धूसर आहे, तो आधी पक्का करा. 'सून वाईट दाखवली' ही नोंद नव्हे, मत झालं. 'सून स्वयंपाकघरात, हातात लाटणं' ही नोंद. सगळ्यात मोठी चूक होते ती नुसती डोकी मोजण्यात. घोळक्यात दहा बायका असल्या तरी बोलत एकच पुरुष असतो.

सहावा रकाना बोलीचा ठेवा. 'काय करायलास?' असं विचारणारं पात्र हसवायला येतं की डॉक्टर, तहसीलदार म्हणूनही येतं? स्वतःची बोली फक्त हशासाठी ऐकलेलं लातूर-नांदेडचं लेकरू वर्गात तोंड उघडताना अडखळलं, तर तो दोष त्याचा नाही.

लेकरांसोबत बघताना टीव्ही बंद झाल्यावर समजावण्यापेक्षा प्रसंग चालू असतानाच एक प्रश्न विचारावा. बांधावर भाकरी घेऊन बाई आली की विचारायचं: आपल्याकडं कापूस कोण वेचतं?