एफएसएच नव्वद, वय चार आठवडे

गेल्या महिन्यात एका परिचिताने लेकीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. बाळ २६व्या आठवड्यात जन्मलेलं, एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) चार आठवडे झालेले. एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं संप्रेरक) नव्वदच्या पुढे आणि शेजारी लाल बाण. नेटवर त्याला सापडलं की एवढा आकडा रजोनिवृत्तीनंतर येतो. “म्हणजे हिच्या अंडाशयात काहीच नाही का?”

आहे. लाखो बीजपेशी आहेत. त्या अजून उत्तर देऊ शकत नाहीत, एवढंच.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी एफएसएच सोडते. ते पोचलं की अंडाशयातले बीजकोश (बीजपेशीभोवतीच्या पिशव्या) वाढतात आणि इस्ट्रोजेन, इनहिबिन ही संप्रेरकं बनवतात. ही दोन्ही रक्तात वाढली की पिट्युटरी हात आखडता घेते. गर्भातल्या मुलीचा एफएसएच विसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रचंड असतो. पुढे वारेतून इस्ट्रोजेनचा पूर येतो, त्याला दबायला मेंदू शिकतो, आणि दिवस भरेपर्यंत एफएसएच जवळजवळ झोपतं. जन्मानंतर वार गेली की लगाम सुटतो. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळांतही आठवड्याभरात हे संप्रेरक पुन्हा चढतं. याला मिनी प्युबर्टी म्हणतात.

कमी दिवसांच्या मुलीची वार तीन महिने आधीच सुटली. लगाम गेला, पण तिच्या अंडाशयात मोठे बीजकोश तयारच झालेले नाहीत. ते गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत वाढतात. इस्ट्रोजेन नाही, इनहिबिन नाही, म्हणून पिट्युटरी हाका मारतच राहते. रजोनिवृत्तीत उत्तर येत नाही कारण घर रिकामं झालंय. इथे घरातली माणसं अजून लहान आहेत. आकडा तोच!

फिनलंडमधल्या कुओपिओच्या संशोधकांनी २०११मध्ये हे सुरेख दाखवलं. त्यांनी एफएसएच लघवीत मोजलं (किलोभराच्या बाळात रक्तच जेमतेम ८०-९० मिली असतं) आणि जोडीला अंडाशयांची सोनोग्राफी केली. प्रसूतीची मूळ तारीख जवळ आली तसे बीजकोश वाढले आणि एफएसएच उतरलं.

कधी उत्तर जरा जोरातच येतं. त्या तारखेच्या आसपास योनीमुखाला सूज, अंडाशयात गाठी, क्वचित थोडा रक्तस्रावही होतो. डॉक्टरांना दाखवावं, पण बहुधा ते आपोआप ओसरतं. नवजात बाळाची छाती फुगते, तीही संप्रेरकांमुळेच. मालिश करताना ती पिळून ‘दूध काढायची’ पद्धत आपल्याकडे अजून आहे. कृपा करून पिळू नका, त्याने जंतुसंसर्ग होऊन गळू होतो.

म्हणून रिपोर्ट वाचताना वय जन्मतारखेपासून मोजून भागत नाही. गर्भातले २६ अधिक बाहेरचे ४, म्हणजे ३० आठवडे. छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा पूर्ण दिवसांच्या बाळांची असते. १७-ओएच प्रोजेस्टेरॉन या नवजात बाळांत तपासल्या जाणाऱ्या संप्रेरकाचंही तसंच: अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीतली इतर स्टेरॉइड्स काही तपासणी-किटना फसवतात आणि आकडा फुगतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या पद्धतीने) मोजलं तर तो बराचसा खाली येतो.

मला खरी काळजी वाटते ती उलट्या रिपोर्टची. मुलाचं लिंग फारच लहान आहे, अंडकोष उतरलेले नाहीत, आणि दोन महिन्यांच्या वयात एलएच (पिट्युटरीचं दुसरं संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन तळाशी आहेत, म्हणजे पिट्युटरी हाकच मारत नाही. लहान मुलांची मर्यादा जवळजवळ शून्यापासून सुरू होत असेल, तर तिथे लाल बाण उमटत नाही. सहा महिन्यांनंतर सगळ्याच मुलग्यांचे आकडे तळाला जातात, मग पिट्युटरीतल्या या उणिवेचं निदान वयात येईपर्यंत लांबू शकतं.