एचआयव्हीची जलद चाचणी

माणूस जिथे आला तिथेच रक्त तपासून साधारण अर्ध्या तासात एचआयव्हीचा निकाल सांगण्याची पद्धत. बोलताना 'रॅपिड' एवढेच म्हणतात. बोटाला टोचून निघालेला थेंब किटच्या खाचेत सोडायचा, वर द्रावण टाकायचे आणि घड्याळ लावून थांबायचे. किट नीट चालते हे दाखवणारी नियंत्रण रेषा उमटली नाही तर किट बाद. दुसरीही रेषा आली, मग ती फिकट का असेना, तर नमुना 'रिअॅक्टिव्ह', म्हणजे लागणीची शंका. पण तेवढ्यावरून कुणाला बाधित ठरवत नाहीत. त्यासाठी तीन वेगवेगळ्या किटवर तोच निकाल यावा लागतो. वस्तीतल्या शिबिरात लावलेले एकच किट म्हणजे नुसती चाळणी.

किट विषाणू नव्हे, तर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, म्हणून नुकती लागण झालेल्याचा निकाल काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकतो. दीड वर्षाखालच्या बाळात आईची प्रतिपिंडे असतात. त्याच्यासाठी विषाणूचीच चाचणी लागते.

पुण्याचा या रोगाशी संबंध जुना आहे. भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२मध्ये सुरू झाली. लवकर औषध घेणाऱ्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११मध्ये दाखवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे एक केंद्र पुण्यात होते. प्रयोगशाळेत होणाऱ्या एलायझा चाचणीच्या काळात तपासणीसाठी रक्त देऊन गेलेला माणूस रिपोर्ट न्यायला परत येईलच याची खात्री नसे. पिंपरी-चिंचवडच्या कंत्राटी कामगाराला दुसरा हेलपाटा म्हणजे आणखी एक खाडा. जलद चाचणीचे खरे मोल प्रसूतिकक्षात कळते: कळा सुरू झालेली, हातात एकही कागद नसलेली बाई येते. तिचा निकाल बाळंतपणाआधी कळला, तर बाळाला जन्मल्याबरोबर लागण टाळणारे नेव्हिरापिनसारखे औषध सुरू करता येते.

सरकारी एआरटी, म्हणजे विषाणूला आवर घालणारे औषधोपचार, २००४पासून मोफत आहे. पूर्वी रक्तातल्या सीडी४ या रोगप्रतिकारक पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. २०१७पासून ती अट गेली. त्यामुळे आता वेळ जातो तो चाचणीत नाही, तर जिथे चाचणी होते त्या समुपदेशन केंद्राच्या टेबलापासून एआरटी केंद्राच्या खिडकीपर्यंतच्या वाटेत. हातात नुसती चिठ्ठी दिली की माणूस गर्दीत हरवतो, पुष्कळदा मुद्दामच. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७च्या कायद्याने चाचणीपूर्वी संमती आणि निकालाची गुप्तता बंधनकारक केली आहे. पण ओळखीचे कुणी रांगेत दिसले तर कायदा काय करणार? म्हणून काही ठिकाणी स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता स्वतः सोबत जातो, केसपेपर काढून देतो आणि पहिल्या गोळ्या हातात पडेपर्यंत बाकावर बसून राहतो.