'साराभाई व्हर्सेस साराभाई' आणि 'मिडल क्लास' हा शब्द

ही हिंदी विनोदी मालिका २००४च्या नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर सुरू झाली आणि २००६मध्ये संपलीसुद्धा. आठवड्याला एक भाग, असे सत्तरच्या आसपास भाग झाले. रोज रात्री लागणाऱ्या सासू-सुनांच्या मालिका त्याच सुमारास हजाराचा आकडा ओलांडत होत्या. त्याआधीची परंपरा थोडक्यात सांगायची तर १९८४मध्ये दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' आली आणि साप्ताहिक विनोदी मालिकेला घराघरात जागा मिळाली. २०००नंतर दैनंदिन मालिकांनी ती जागा बळकावली.

साराभाईंनी भांडण सासू-सुनेचंच ठेवलं, फक्त त्याचं कारण बदललं. इथे दागिने, किल्ल्या, कटकारस्थानं नाहीत. सून सामाजिक पायरी वर चढायला तयार नाही, हेच सासूचं, म्हणजे मायाचं, दुःख. मुळात सुनेचं नाव मनीषा. ते मायाला फारच सामान्य वाटलं, म्हणून तिची मोनिशा झाली. एका नावाच्या उच्चारात अख्खी सामाजिक पायरी बसवणारं असं लेखन आपल्या टीव्हीवर क्वचितच झालंय.

खरा गुंता 'मिडल क्लास' या शब्दाचा आहे. मराठीत 'आपण मध्यमवर्गीय माणसं' हे आपण स्वतःबद्दल म्हणतो. त्यात थोडा संकोच असतो, थोडा अभिमान असतो आणि खर्च टाळायचं कारणही असतं. 'मिडल क्लास' मात्र दुसऱ्याला चिकटवायचा शब्द, 'डाऊनमार्केट'चा सख्खा भाऊ. मायाच्या तोंडी त्याचा पैशाशी काही संबंध उरत नाही. मोनिशा दक्षिण मुंबईतल्या श्रीमंत कफ परेडला राहते, नवरा कॉस्मेटिक सर्जन, सासर समोरच्याच फ्लॅटमध्ये. पैशाच्या हिशेबात तिला मध्यमवर्गीय कोण म्हणेल? तरी सेलमधली खरेदी, वस्तू टाकून न देणं, घासाघीस करणं, एवढ्यावर तिच्यावर शिक्का बसतो.

मालिका मध्यमवर्गाला हसते की मायाला, हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते बहुतेक वेळा हसं मायाचंच होतं. मायाचा नवरा इंद्रवदन सुनेची बाजू घेतो तो बायकोला डिवचायला, पण त्यामुळे पारडं मोनिशाकडे झुकतं. एक गोष्ट मात्र खटकते. मोनिशाची काटकसर आणि तिचा घरातला पसारा लेखकांनी एकाच खात्यावर टाकले. ज्या घरांत दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवतात, तिथे पसारा कुठून येणार? काटकसर करणारं घर बहुधा नीटनेटकंच असतं. हा फरक मालिकेने कधी केला नाही आणि 'मिडल क्लास' म्हणजे गबाळं हा अर्थ त्यामुळे अधिकच पक्का झाला.

मूळ प्रसारणात प्रेक्षकसंख्या बेताची होती. खरं प्रेम नंतर मिळालं, पुनःप्रक्षेपणातून आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या तुकड्यांतून. मायाचा धाकटा मुलगा रोसेश याच्या कविता पाठ असलेली पिढी त्यातूनच तयार झाली. तिच्या आग्रहामुळे २०१७मध्ये दुसरा हंगाम आला, टीव्हीवर नाही तर ऑनलाइन. दुसरा हंगाम काढण्याचा निर्णयच चुकला, असं मला ठामपणे वाटतं. कलाकार तेच होते, पण तोवर सेलची वाट बघणं, कूपन लावणं ही मोनिशाची एकटीची सवय राहिली नव्हती. फोनवर सगळेच ते करत होते, त्यामुळे मायाच्या टोमण्याची धारच गेली होती. २०२०च्या टाळेबंदीत मालिका टीव्हीवर परत लागली, तेव्हा लोकांनी पुन्हा पाहिलं ते २००४चंच कफ परेड.